विश्लेषण : आतड्याची जखम भरणाऱ्या पेशी कोणत्या? बरे वाटले तरी औषध का सोडू नये?

शौचावाटे रक्त पडते, दिवसातून सात-आठ वेळा धावावे लागते, पोटात कळ येते आणि वजन उतरत जाते. पेण किंवा रोह्यात कुणाला असे झाले, की पहिला अंदाज मूळव्याधीचा आणि दुसरा आव पडल्याचा असतो. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या जातात, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. यातल्या अनेकांना खरोखरच मूळव्याध किंवा जंतुसंसर्ग असतो. मात्र काहींच्या आतड्याला दीर्घकालीन दाह झालेला असतो आणि तो ओळखण्यात महिने, कधी वर्षे निघून जातात. २०२५चे वैद्यकाचे नोबेल ज्या पेशींच्या शोधासाठी दिले गेले, त्या ‘नियामक टी पेशीं’चा या आजाराशी जवळचा संबंध आहे. दाह झालेले आतडे भरून काढण्याची क्षमता मुळात आतड्यातच असते. ते काम कोणत्या पेशी करतात, ते अडते कुठे आणि औषधाने नेमके काय साधते, याचा हा आढावा.

हा आजार नेमका कोणता?

वैद्यकीय भाषेत याला दाहक आंत्रविकार किंवा ‘आयबीडी’ म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हा केवळ मोठ्या आतड्याचा आजार. तो बहुधा गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकतो आणि आतड्याच्या आतल्या थरावर व्रण पाडतो. दुसरा ‘क्रोन्स’. न्यूयॉर्कचे डॉक्टर बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन केले. हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची नेहमीची जागा. त्यात दाह आतड्याच्या संपूर्ण जाडीत शिरतो, त्यामुळे आतडे अरुंद होणे किंवा भगंदर होणे असे प्रकार घडतात.

‘आयबीएस’ हा वेगळा त्रास. नावात एकाच अक्षराचा फरक असला तरी त्यात आतड्याला जखम नसते आणि रक्त पडत नाही. ‘आयबीडी’त जखम असते. हा आजार संसर्गजन्य नाही, एकाच्या ताटातून दुसऱ्याकडे जात नाही. तो बहुतेकदा तरुण वयात, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न याच वर्षांत डोके वर काढतो. आनुवंशिक कल, आतड्यातील जिवाणूंचा बिघडलेला समतोल, आहार व परिसर आणि चुकीच्या दिशेने वळलेली प्रतिकारशक्ती या सर्वांच्या मिश्रणातून तो होतो, असे मानले जाते.

हा पाश्चात्त्यांचा, श्रीमंतांचा आजार, असा समज आपल्याकडे फार काळ होता. पंजाबात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला, तेव्हा त्या समजाला तडा गेला. आता शहराबाहेरच्या भागांतूनही रुग्ण पुढे येत आहेत. हमरापूर-जोह्यात गणेशमूर्ती रंगवत तासन् तास बसणारा कारागीर असो किंवा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार, दर तासाला शौचाला जावे लागणे म्हणजे त्याच्या रोजगारावरच घाला असतो. त्यात या दुखण्याविषयी घरातही मोकळेपणाने बोलले जात नाही.

आतड्याच्या अस्तरात कोणत्या पेशी असतात?

पेणच्या खारेपाटात ही गोष्ट चटकन कळेल. एका बाजूला खाडीचे खारे पाणी, दुसऱ्या बाजूला भातखाचरे आणि मध्ये फक्त बांध. पाणी आत-बाहेर करण्यासाठी त्या बांधात उघाड्या ठेवलेल्या असतात. आतड्याचे अस्तर हा असाच बांध आहे. आतल्या पोकळीत अन्न आणि अब्जावधी जिवाणू, पलीकडे रक्तवाहिन्या आणि प्रतिकारक पेशी. मधली भिंत किती जाड? पेशींचा अवघा एक थर.

या थरातील प्रत्येक पेशीचे काम ठरलेले आहे. शोषक पेशी अन्नरस आत घेतात. चषकाच्या आकाराच्या ‘गॉब्लेट’ पेशी चिकट श्लेष्म स्रवतात. त्याचा लेप जिवाणूंना भिंतीपासून दूर ठेवतो. लहान आतड्यातील ‘पॅनेथ’ पेशी जंतुनाशक द्रव्ये सोडतात. ‘टफ्ट’ पेशी कृमींची चाहूल घेतात. ‘एम’ पेशी पोकळीतील जंतूंचे नमुने उचलून पलीकडच्या प्रतिकारक पेशींना दाखवतात. शेजारच्या दोन पेशींमधील फट प्रथिनांच्या टाक्यांनी घट्ट शिवलेली असते.

या थराचे आयुष्य मात्र अल्प. आतड्यातून सतत अन्न, आम्ल, पित्त, जिवाणू जात असल्याने पेशी झिजतात आणि झडतात. साधारण तीन ते पाच दिवसांत जवळजवळ संपूर्ण अस्तर नवे होते. म्हणजे निरोगी माणसाच्या आतड्यातही डागडुजी अखंड चालूच असते.

जखम झाली तर ती भरते कशी?

बांधाला खांड पडली की गावकरी आधी मिळेल ते टाकून पाणी अडवतात, मग माती आणून बांध उभा करतात आणि शेवटी तो ठोकून पक्का करतात. आतड्यातही क्रम तसाच आहे. अस्तराला लहानशी जखम झाली, की काही मिनिटांत ते काही तासांत कडेच्या पेशी चपट्या होऊन सरकतात आणि उघडी जागा झाकतात. हे तात्पुरते आच्छादन. पुढच्या काही तासांत आणि दिवसांत नव्या पेशी तयार होऊ लागतात. त्यानंतर त्या नव्या पेशी आपापले काम शिकतात. कुणी शोषक होते, कुणी श्लेष्म स्रवणारी.

नव्या पेशींचा पुरवठा होतो मूलपेशींकडून. आतड्याच्या अस्तरात ‘क्रिप्ट’ नावाचे असंख्य सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येकाच्या तळाशी मोजक्याच मूलपेशी असतात. त्या सतत विभागतात. त्यांची संतती वर सरकत जाते आणि टोकाला पोहोचून झडते. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये ‘एलजीआर-५’ या खुणेवरून या मूलपेशी ओळखून दाखवल्या. दोनच वर्षांनी तोशिरो सातो यांनी त्याच प्रयोगशाळेत अशा एकेका मूलपेशीपासून बशीत आतड्याची छोटी प्रतिकृती वाढवली. आता जगभरच्या प्रयोगशाळांत औषधे तपासण्यासाठी अशा प्रतिकृती वापरल्या जातात.

जखम मोठी असेल आणि मूलपेशीच मेल्या असतील तर? संशोधनाने दिलेले उत्तर थक्क करणारे आहे. काम ठरून गेलेल्या काही पेशी मागे फिरतात, आपली ओळख पुसून पुन्हा मूलपेशीसारख्या होतात आणि खळगा नव्याने भरतात. दुखावलेले अस्तर काही काळ गर्भातील आतड्यासारखे वागू लागते, असेही उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. खळग्यांभोवतीच्या आधार-पेशी त्यांना ‘वाढा’, ‘थांबा’ असे रासायनिक निरोप देत असतात. म्हणजे भरून येण्याची तयारी पुरेपूर आहे. अडते ते दुसरीकडे.

नोबेल मिळालेल्या पेशींचे यात काम काय?

बांध फुटल्यावर खारे पाणी येतच राहिले तर माती टिकत नाही. आतड्यात हे खारे पाणी म्हणजे दाह. भिंतीला भोक पडले की जिवाणू आत येतात. त्यांना मारायला प्रतिकारक पेशी धावतात. हे आवश्यकच आहे. मात्र लढाई वेळेवर थांबली नाही, तर त्याच पेशींच्या माऱ्याने अस्तर आणखी फुटते, आणखी जिवाणू आत येतात आणि चक्र सुरू राहते.

लढाई थांबवण्याचा आदेश देणाऱ्या पेशी म्हणजे नियामक टी पेशी. जपानचे शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली. अमेरिकेतील मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ नावाच्या आजारी उंदरांचा माग काढत २००१ मध्ये ‘फॉक्सपी-३’ या जनुकातील दोष शोधला. या पेशी घडवणारे जनुक हेच, हे पुढे साकागुची यांनी दाखवले. या तिघांना ६ ऑक्टोबर २०२५ रोजी नोबेल जाहीर झाले.

आतड्याशी त्यांचा संबंध त्याआधीच दिसू लागला होता. १९९० च्या दशकात फिओना पॉवरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिकारक पेशी नसलेल्या उंदरांना टी पेशींचा एक गट टोचला. उंदरांच्या मोठ्या आतड्याला तीव्र दाह झाला. दुसरा, नियमन करणारा गट सोबत टोचला तेव्हा दाह झाला नाही. माणसांतही निसर्गाने हा प्रयोग केलेला आहे. ज्या मुलग्यांत ‘फॉक्सपी-३’ जनुक जन्मतः सदोष असते त्यांना ‘आयपेक्स’ नावाचा दुर्मीळ आजार होतो. आयुष्याच्या पहिल्याच महिन्यांत न थांबणारे जुलाब हे त्याचे ठळक लक्षण.

नियामक पेशी ‘इंटरल्युकिन-१०’ हा शांततेचा निरोप सोडतात. तो ऐकणाऱ्यांत ‘मॅक्रोफेज’ म्हणजे भक्षक पेशी महत्त्वाच्या. लढाईत त्या जंतू गिळतात; लढाई संपली की मेलेल्या पेशींचा राडारोडा उचलतात आणि दुरुस्तीला मदत करतात. हा निरोप ऐकण्याची सोयच ज्यांच्या पेशींत नाही, अशा तान्ह्या मुलांना अतिशय तीव्र आंत्रदाह होतो, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. त्यांतील एका मुलाचा आजार रक्तातील मूलपेशींच्या प्रत्यारोपणाने आटोक्यात आला. शिवाय नियामक पेशी केवळ भांडण सोडवून थांबत नाहीत. त्या ऊती-दुरुस्तीला चालना देणारी द्रव्येही स्रवतात.

मग काहींची जखम का भरत नाही?

कारण दुरुस्ती आणि मोडतोड एकाच वेळी चालू असते. दाह वाढवणाऱ्या ‘टीएनएफ’सारख्या द्रव्यांचे प्रमाण वाढलेले असते. त्यांच्या गदारोळात नियामक पेशींचा आवाज दबतो. श्लेष्माचा लेप पातळ झाल्याने जिवाणू भिंतीला भिडतात. मूलपेशींनी भरलेली जागा पुन्हा पुन्हा सोलली जाते.

दुसरा धोका दुरुस्तीच्या अतिरेकाचा. क्रोन्समध्ये जखम खोल असते. ती भरताना तंतू तयार करणाऱ्या पेशी इतके तंतू घालतात की तो भाग कडक आणि अरुंद होतो. मग अन्न पुढे सरकत नाही आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. व्रणाची आग औषधाने विझवता येते. पण एकदा झालेला कडक वण सहसा विरघळत नाही. उपचार लवकर सुरू करण्याचा आग्रह यासाठीच धरला जातो.

तिसरा धोका दीर्घ मुदतीचा. वर्षानुवर्षे दाह आणि पेशींची घाईची वाढ चालू राहिली की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता वाढते. म्हणून आजार सुरू होऊन साधारण आठ वर्षे झाली की, त्रास असो वा नसो, ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करण्याचा सल्ला दिला जातो. आजार गुदाशयापुरताच मर्यादित असेल तर हा निर्णय डॉक्टर वेगळा घेतात.

औषधे जखम भरतात का?

थेट नाही. मेसालामाइन, स्टेरॉइड, अॅझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे मुख्यतः दाह कमी करतात. भिंत बांधतात त्या रुग्णाच्याच पेशी. औषध त्यांना उसंत मिळवून देते. हे एकदा ध्यानात आले की उपचारांतील दोन नेहमीच्या चुका स्पष्ट होतात.

पहिली चूक, बरे वाटताच गोळी बंद करणे. रक्त थांबते, जुलाब कमी होतात, रुग्णाला वाटते आजार गेला. प्रत्यक्षात दुर्बिणीतून पाहिले तर व्रण तसेच असू शकतात. बांधावरचे पाणी ओसरले म्हणजे खांड बुजली असे होत नाही. म्हणूनच २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुधारलेल्या उपचार-उद्दिष्टांत लक्षणे थांबणे हा पहिला टप्पा मानला आणि अस्तर भरून येणे हे दूरचे उद्दिष्ट ठेवले. ज्यांचे अस्तर भरून येते त्यांच्यात आजार उलटण्याचे, रुग्णालयात दाखल होण्याचे आणि शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी दिसते.

दुसरी चूक, स्टेरॉइड स्वतःच्या मनाने चालू ठेवणे. जुनी चिठ्ठी दाखवून आणलेल्या या गोळ्यांनी चटकन आराम पडतो. त्या भडकलेली आग विझवतात. पण अस्तर दीर्घकाळ सांभाळण्यासाठी त्या नाहीत. महिनोन्‌महिने घेतल्यास हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, संसर्ग होणे असे प्रश्न उभे राहतात, आणि अचानक सोडल्यास वेगळाच धोका. तसेच सांधेदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते. आजार असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

पेशीच औषध म्हणून देता येतील का?

प्रयत्न सुरू आहेत, पण त्यांचा इतिहास सावध करणारा आहे. क्रोन्समधील चिवट भगंदरासाठी दात्याच्या चरबीतून मिळवलेल्या मूलपेशींचे ‘डार्वाडस्ट्रोसेल’ हे औषध तयार झाले. २१२ रुग्णांवरील चाचणीत २४ आठवड्यांनी औषध मिळालेल्या गटात ५० टक्के, तर न मिळालेल्या गटात ३४ टक्के रुग्णांना गुण आला. युरोपने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. मात्र पुढच्या, मोठ्या चाचणीत २०२३ मध्ये अपेक्षित फरक दिसला नाही आणि २०२४ च्या अखेरीस ते युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आले.

नियामक टी पेशींचाही प्रयोग झाला. कोणत्याही औषधाला न जुमानणाऱ्या क्रोन्सच्या २० रुग्णांना त्यांच्याच नियामक पेशी वाढवून देण्यात आल्या. सुमारे ४० टक्के रुग्णांत प्रतिसाद दिसला. हे निष्कर्ष २०१२ चे. लहान चाचणीतील उत्साह मोठ्या चाचणीत टिकतोच असे नाही. जपानमध्ये २०२२ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाच्या निरोगी अस्तरातील मूलपेशींपासून वाढवलेल्या प्रतिकृती त्याच्याच आतड्यातील व्रणावर लावण्यात आल्या. हे पाऊल मोठे आहे, तरी अजून प्रायोगिकच.

पेशींवर आधारित उपचार हे रायगड जिल्ह्यालाही परके नाहीत. टाटा मेमोरियल सेंटरची खारघर येथील ‘अॅक्ट्रेक’ ही संस्था याच जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात आहे. तिथल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी देशातील पहिला ‘कार-टी’ उपचार करण्यात आला. रुग्णाच्या टी पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत देण्याची ही पद्धत आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून देशातच विकसित केली. त्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, आंत्रदाहासाठी नाही. पण पेशी काढणे, त्या सुरक्षितपणे वाढवणे आणि परिणाम काटेकोरपणे मोजणे यासाठी किती शिस्त लागते, याचे उदाहरण म्हणून ते लक्षात ठेवावे.

‘स्टेम सेल’ची जाहिरात दिसली तर?

मोबाइलवर ‘आतड्याचा आजार मुळापासून बरा, स्टेम सेल थेरपी’ अशी जाहिरात दिसते. लाखभर रुपये भरण्यापूर्वी नियम माहीत असावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता मिळालेले प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. त्याबाहेरचा वापर अनैतिक आणि वैद्यकीय गैरव्यवहार मानला जातो.

चाचणी खरी असेल तर तिला ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदवहीचा क्रमांक असतो. तो मागावा आणि संकेतस्थळावर पडताळावा. नीतिमत्ता समितीची परवानगी आणि मराठीत समजावून दिलेले संमतीपत्र असावे. प्रायोगिक उपचारासाठीच रुग्णाकडून पैसे घेतले जात असतील, तर तिथूनच परत फिरावे. नोबेल ज्या विज्ञानाला मिळाले, त्याच्या नावाने होणारी विक्री हे विज्ञान नव्हे.

क्षयरोगाचा पेच कोणता?

भारतात डॉक्टरांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न हाच. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स या दोन्हींत पोटदुखी, ताप, वजन घटणे आढळते. दोन्हींची आवडती जागाही एकच, लहान आतड्याचा शेवट. दुर्बिणीतून आणि सूक्ष्मदर्शकातूनही ते सारखे दिसू शकतात. क्षयाचे जंतू दर वेळी सापडतातच असे नाही.

चूक झाली तर किंमत मोठी. क्षय असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर क्षय उफाळतो. क्रोन्स असताना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली, तर तेवढ्या काळात आतडे अरुंद होत जाते. त्यामुळे निदान अनिश्चित असेल तेव्हा क्षयाची औषधे सुरू करून सुमारे आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहण्याची पद्धत आहे. व्रण भरले असतील तर क्षय. नसतील तर फेरविचार. ही दुसरी तपासणी टाळणे महागात पडते. रोह्याहून वा पेणहून पनवेल-मुंबईची आणखी एक फेरी, बुडालेला रोज आणि सोबतीला लागणारा माणूस, या गोष्टी रुग्णाला ती टाळायला लावतात. टीएनएफरोधक औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करतात, तीही याच कारणाने.

आहाराने पेशींना मदत होते का?

काही प्रमाणात होते. मोठ्या आतड्यातील जिवाणू तंतुमय अन्न आंबवून ‘ब्युटिरेट’ तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते मुख्य इंधन. ब्युटिरेटमुळे आतड्यात नियामक टी पेशी वाढतात, असे २०१३ मध्ये उंदरांवरील अनेक प्रयोगांत आढळले. रायगडच्या घरांतले वाल, पालेभाज्या, फळे यांतून हे तंतू मिळतात.

मात्र वेळ पाहावी लागते. आजार भडकलेला असताना किंवा आतडे अरुंद झालेले असताना वालाची उसळ, कच्च्या भाज्या, साली-बिया यांनी त्रास वाढतो. तेव्हा मऊ भात, पेज, चांगले शिजवलेले साधे जेवण आणि पुरेशी प्रथिने, म्हणजे पचत असतील तशी अंडी, मासे, मुगाचे वरण, हे बरे. आजार शांत झाल्यावर तंतू हळूहळू वाढवावेत. ‘डाळ बंद, दूध बंद, मासे बंद’ अशी सरसकट पथ्ये पाळून अनेक रुग्ण कुपोषित होतात आणि जखम भरायला लागणारी प्रथिनेच शरीराला मिळत नाहीत. क्रोन्समध्ये धूम्रपानाने आजार बळावतो. ते सोडणे हा औषधाइतकाच महत्त्वाचा उपाय.

पेण-रोह्यात काय बदलायला हवे?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. पण फुकट उपचाराचा उपयोग योग्य शंका वेळेवर आली तरच. ती शंका मुंबईच्या तज्ज्ञाला येण्याआधी गावच्या डॉक्टरला, आशा सेविकेला आणि औषध दुकानदाराला यायला हवी. त्यासाठी काही खुणा पुरेशा आहेत. चार आठवड्यांहून अधिक चाललेले जुलाब, शौचात वारंवार पडणारे रक्त, रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई, घटते वजन, कमी होत जाणारे हिमोग्लोबिन, पुन्हा पुन्हा होणारे भगंदर, घरात कुणाला हा आजार असणे. यातले काहीही असेल तर तपासल्याशिवाय ‘मूळव्याध’ म्हणून मलम देणे थांबले पाहिजे. दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा नाडी जलद असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शौचाच्या नमुन्यातील ‘कॅल्प्रोटेक्टिन’ची चाचणी आतड्यात दाह आहे की नाही याचा अंदाज देते. ती जंतुसंसर्ग, क्षय आणि वेदनाशामकांनीही वाढू शकते, त्यामुळे एकट्या आकड्यावर निदान होत नाही. पण कोलोनोस्कोपी कुणाला तातडीने हवी, हे ठरवायला तिची मदत होते. यात रुग्णाला प्रवास करावा लागत नाही, डबी जाते. आधीच निदान झालेल्यांचे अस्तर भरते आहे की नाही याचा मागही तिने ठेवता येतो. तालुक्याच्या रुग्णालयात नमुना द्यावा आणि अहवाल तिथेच मिळावा, एवढी सोय मागण्यात अतिशयोक्ती नाही. त्याच्या जोडीला महिन्यातून एखाद्या दिवशी पोटविकार तज्ज्ञाची भेट किंवा दूरध्वनीवरून सल्ला आणि चालू औषधांचा न तुटणारा पुरवठा हवा. एका महिन्याच्या गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून उलटलेला आजार पुढे रुग्णालयातल्या कित्येक दिवसांची किंमत घेतो.

खारेपाटातील शेतकऱ्याला एक हिशेब पाठ असतो. खांड लहान असताना चार माणसे ती एका ओहोटीत बुजवतात. उधाणाची वाट पाहिली तर शेत काही पावसाळे खारट राहते. आतड्यातील पेशी रोज, न सांगता, खांडी बुजवत असतात. त्यांना हवा आहे तो वेळ, आणि तो मिळतो वेळेवर झालेल्या निदानातून आणि न चुकवलेल्या गोळीतून. पेशींचे नवे उपचार येतील तेव्हा येतील. शौचात रक्त दिसल्यावर लाज बाजूला ठेवून तपासून घेणे आजही शक्य आहे.